बर्फाचेच पाणी बर्फाच्या मुळावर

ग्रीनलंडचे नाव हल्ली वर्तमानपत्रांत येते ते तिथल्या खनिजांमुळे आणि बड्या राष्ट्रांच्या हाव-हव्यासामुळे. तिथला बर्फ का संपतो आहे, हा प्रश्न मात्र कायम मागच्या बाकावर. आम्हाला तो पुढे आणावासा वाटतो.

बर्फ उन्हाने वितळतो, हे अर्धसत्य आहे. १९९२ ते २०१८ या काळात ग्रीनलंडने सुमारे ३,९०० अब्ज टन बर्फ गमावला. त्यातला जवळपास निम्मा हिमनद्यांचा वेग वाढून थेट समुद्रात गेला. हा वेग का वाढला? उत्तर फ्योर्डमध्ये आहे. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने डोंगर कोरून केलेली खोल, अरुंद खाडी.

या खाडीत पाण्याचे दोन थर असतात. वर थंड व कमी खारट पाणी. खाली अटलांटिकमधून आलेले उबदार, पण जास्त खारट म्हणून जड पाणी. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर वितळलेले पाणी भेगांतून तळाशी उतरते आणि शेकडो मीटर खोलवर समुद्रात बाहेर पडते. गोडे पाणी हलके. ते बर्फाच्या कड्याला घासत वर उसळते, जाताना खालचे उबदार पाणी सोबत ओढते आणि कडा पोखरते. हे मिश्रण वरून खाडीबाहेर वाहते. त्याची जागा घ्यायला खालून आणखी उबदार पाणी आत येते. म्हणजे हवा जितकी तापेल तितके हे रहाट जोरात फिरणार!

याकोबस्हाव्न हिमनदीचेच पाहा. १९९७ च्या सुमारास तिच्या खाडीत उबदार पाणी शिरले. २००३ पर्यंत तिची समुद्रावर तरंगणारी जीभ तुटून गेली आणि वेग जवळपास दुप्पट झाला. २०१६ च्या सुमारास पाणी थंडावले, तेव्हा तीच हिमनदी काही काळ मंदावली. यावरून संकट टळले असे कुणी म्हणेल, तर आमचे उत्तर एकच : हा जामीन आहे, निर्दोष मुक्तता नव्हे. उलट समुद्राविरुद्धचा पुरावा त्याने पक्का झाला.

आता न्यायाचा प्रश्न. २००५ मध्ये शीला वॉट-क्लाउटिअर यांनी कॅनडा व अलास्कातील ६२ इन्युइट बांधवांसह अमेरिकेविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली. २००६ मध्ये आयोगाने अर्ज पुढे चालवण्यास नकार दिला. मात्र २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे मत दिले. ते बंधनकारक नाही, हे खरे. पण वीस वर्षांपूर्वी ज्यांना दारातूनच परत पाठवले, त्यांचाच मुद्दा आज जगातील सर्वोच्च न्यायपीठ मांडते आहे, हे कमी नाही.

आणि हा प्रश्न दूरचा नाही. बर्फाचा प्रचंड साठा समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला की ग्रीनलंडजवळ पाणी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. मुंबईचे कोळीवाडे आणि खाडीकाठच्या झोपडपट्ट्या त्याच दूरच्या किनाऱ्यावर आहेत. धूर सोडणारे उंचावर राहतात; पाणी आधी शिरते ते सखल वस्तीत. म्हणून किनाऱ्याच्या प्रत्येक विकास आराखड्यावर हरकत नोंदवताना आम्ही हे विज्ञानही पुरावा म्हणून जोडले पाहिजे.