जुना प्रोग्राम आणि नवे तोडकाम

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. पाककृती आणि नातवंडांचे फोटो पुढच्या वेळी.

हल्ली कुठेही गेलं की एक वाक्य कानावर पडतं. "जुनं सगळं काढून टाकू, नव्याने लिहू." मग ते शाळेचं सॉफ्टवेअर असो, पतसंस्थेचं असो नाहीतर वाचनालयाचं. म्हणणारा बहुधा पंचविशीतला असतो, आणि ज्याला तो 'जुनं' म्हणतो ते साधारण त्याच्याच वयाचं असतं! मला या वाक्याचा राग येतो. अपग्रेडचा नाही हं, या वाक्याचा.

हे आधीच सांगते, नाहीतर भाचेमंडळींचे फोन येतील की मावशी जुन्याला कवटाळून बसली. तसं नाही. आमच्या शाळेचा निकालाचा प्रोग्राम 'व्हिज्युअल बेसिक ६' मध्ये लिहिलेला. ती आवृत्ती आली १९९८ साली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'डॉट नेट' ही नवी चौकट आणली आणि एप्रिल २००८ मध्ये जुन्या साधनाचा आधार पूर्ण काढून घेतला. तसे ते प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतात. पण चालणं वेगळं आणि दुरुस्त करता येणं वेगळं, आणि दुरुस्त करणारी माणसं आता शोधावी लागतात. तेव्हा बदल हवाच.

पण हे 'नवं' तरी किती दिवस नवं राहणार? डॉट नेटचंच बघा. मूळची चौकट २०१९ साली ४.८ वर येऊन जवळजवळ थांबली. दरम्यान २०१६ मध्ये 'कोअर' नावाची वेगळीच चौकट निघाली, आणि २०२० मध्ये तिचं नाव बदलून 'डॉट नेट ५' झालं. तेव्हापासून दर नोव्हेंबरला नवा आकडा. सम आकड्यांना तीन वर्षांचा आधार. सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाली, आठवीची मुदत नोव्हेंबर २०२६. तीन वर्षांत निवृत्ती! आम्हाला निदान अठ्ठावन्नपर्यंत ठेवलं होतं. मग दर तीन वर्षांनी सगळं पाडून पुन्हा बांधणार का?

आता खरा मुद्दा. आमच्या शाळेत (निवृत्त होऊनही मी 'आमची'च म्हणते) नववीचा निकाल दोन सत्रांच्या सरासरीवर लागतो. पहिल्या सत्रात ३३, दुसऱ्यात ३६, सरासरी ३४.५. अर्धा गुण वर धरायचा, म्हणजे ३५, म्हणजे पास. जुन्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एक ओळ होती. सरासरीत ०.५ मिळवा आणि उरलेला अपूर्णांक छाटून टाका. नवं काम घेतलेल्या मुलाने (आमचाच माजी विद्यार्थी, हुशार) ती ओळ पाहिली आणि हसला. "बाई, हे अगदी गावठी आहे. याला तयार फंक्शन असतं." ओळ काढली, फंक्शन टाकलं. चार-पाच उदाहरणं करून दाखवली. ३५.५ चे ३६, ४१.५ चे ४२. सगळं चोख.

३४.५ चे मात्र ३४.

का, ते मी भाच्याकडून समजून घेतलं. ते फंक्शन बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं. म्हणून ३५.५ वर सरकतो आणि ३४.५ खाली. याला 'बँकर्स राउंडिंग' म्हणतात आणि त्यामागे शहाणपण आहे. हजारो रकमा असतील आणि प्रत्येक अर्धा वरच ढकलला, तर बेरीज फुगत जाते. निम्मे वर, निम्मे खाली केले की तोल राहतो. हिशेबाला उत्तम, पण नववीतल्या मुलीला त्याचं काय? गंमत म्हणजे जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या राउंड फंक्शनलाही हीच खोड होती. म्हणजे ती 'गावठी' ओळ लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्याने ते वापरलं नव्हतं! तीच बेरीज जावास्क्रिप्टमध्ये केली तर ३५ येतात. पायथॉन २ मध्ये ३५ येत, पायथॉन ३ मध्ये ३४ येतात. गुण तेच, शाळा तीच, चौकट बदलली की मुलगी नापास.

वर्गशिक्षिकेने हाताने केलेलं पत्रक आदल्या रात्री ताडून पाहिलं म्हणून दोन मुली वाचल्या. उन्हाळाभर त्या घरात काय ऐकून घ्यावं लागलं असतं, ते मुलींच्या शाळेत शिकवलेल्यांना सांगायला नको.

बरं, हे फक्त आमच्यासारख्यांकडेच होतं असंही नाही. नेटस्केप आठवतंय? एके काळी इंटरनेट म्हणजे तेच. १९९७ मध्ये चौथी आवृत्ती आली, मग सगळं नव्याने लिहायला घेतलं, आणि पुढची मोठी आवृत्ती उगवली नोव्हेंबर २००० मध्ये, तीही सहावी. पाचवी आलीच नाही. तोवर लोक दुसरीकडे गेले होते.

आणि आपल्या मराठीचे हाल तर निराळेच. जुन्या फॉन्टमध्ये साठवलेलं नाव संगणकाला मराठी म्हणून कळतच नाही. फॉन्ट काढला की नुसता इंग्रजी चिन्हांचा चिवडा. त्यात 'किरण' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये 'क' आधी, वेलांटी मागून. 'शर्मा'मधला रफार उलट, जुन्यात 'म'च्या नंतर, युनिकोडमध्ये 'म'च्या आधी. हे सगळं नीट उलगडून रूपांतर करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, कबूल. त्यावर आमच्याकडे तोडगा काय सुचवला गेला? "जुना डेटा राहू द्या, या जूनपासून नवं सुरू करू."

राहू द्या म्हणजे कुठे राहू द्या? जनरल रजिस्टर कागदावर आहे, ठीक. पण गेल्या वीस वर्षांची गुणपत्रकं फक्त त्या एका डब्यात आहेत. उद्या कुणी माजी विद्यार्थिनी दुय्यम गुणपत्रिका मागायला आली, तर तिला काय चिवडा छापून देणार?

माझं म्हणणं मी संस्थेला लेखी दिलं आहे. आधी सगळी नावं आणि गुण युनिकोडमध्ये आणा. मग प्रोग्रामचा एकेक भाग नव्या चौकटीत न्या. कुठलीही विचित्र ओळ काढण्याआधी ती का आली हे कार्यालयातल्या जुन्या माणसांना विचारा. आणि येत्या एप्रिलचा निकाल जुन्या-नव्या दोन्ही प्रोग्रामवर लावा, एकाही गुणाचा फरक दिसला तर थांबा. बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, हे दुप्पट काम करणार कोण? ताडून बघायला मी येते म्हटलं, रोज दुपारी तीन ते पाच, बिनपगारी.

अजून उत्तर आलेलं नाही.