कर्ज देता, गिऱ्हाईक कोण देणार?



खामगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आमचा एक दोस्त राहतो. बी.कॉम. झालाय. त्याचं नाव इथं छापत नाही, कारण त्याचे हप्ते अजून फिटायचेत. नोकरीचे अर्ज करून करून थकला आणि शेवटी सरकारी योजनेतून त्यानं पिठाची चक्की आणि मिरची-हळदीचं कांडप टाकलं. बँकेत किती हेलपाटे घातले ते विचारू नका. साहेब म्हणाले, जमिनीचा सातबारा आण. ह्याच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर निंदण-खुरपण केलेलं. हा कुठून आणणार? तरीही भांडून, पाय धरून, पुन्हा भांडून कर्ज काढलं. यंत्र आलं. वंदना झाली, पेढे वाटले, बाबासाहेबांचा फोटो लावला, बटन दाबलं.

पहिल्या आठवड्यात आपली वस्ती आली. दुसऱ्या आठवड्यातही आपली वस्तीच आली.

गावातल्या बाया डोक्यावर डबे घेऊन त्याच्या दारावरून पुढे जायच्या. पुढच्या गावच्या चक्कीवर. उन्हातान्हात. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही, कोणी दवंडी पिटली नाही. कोणी नुसतं आलंच नाही.

"भाऊ, बँकेनं पैसे देल्ले," तो आम्हाला म्हणाला, "पन गिऱ्हाईक कोन देईन?"

या अंकाचं संपादकीय म्हणजे हा एवढाच प्रश्न आहे. बाकीचं आम्ही रागानं लिहितो आहोत.

अॅट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. चांगलं झालं. पण जिथं ठराव नाही, धमकी नाही, पुढारी नाही, तिथं फिर्याद कोणावर करायची? न आलेल्या बाईवर? तिच्या रिकाम्या डब्यावर? ग्राहकाला वजन, किंमत, तारीख बघायला शिकवणाऱ्या सरकारी जाहिराती आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्याकडे ग्राहक आडनाव बघतो. पुड्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणून आमच्या दोस्तानं मिरचीचे पुडे भरायला घेतले तेव्हा फर्मचं नाव काय ठेवलं असेल? शेगावच्या आसपास जे नाव ठेवलं की कोणी पुढचं विचारत नाही, तेच. बाबासाहेबांचा फोटो घरात गेला. आम्ही त्याला दोष द्यायला गेलो होतो, गप्प बसून परत आलो.

आणि हे काही आजचं नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांबाबत सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली होती. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! त्या वेळच्या मुंबईत असा सल्लागार किती जणांना मिळणार होता? धंदा चालायला लागला. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक यायचं थांबलं. पेढी बंद. तिथं कौशल्य कमी पडलं नव्हतं, ज्ञान कमी पडलं नव्हतं. भांडवलही फारसं लागत नव्हतं, एक टेबल आणि एक डोकं पुरत होतं. कमी पडलं ते गिऱ्हाईक.

शंभर वर्षं उलटून गेली आणि सरकार अजून आम्हाला कौशल्य आणि कर्ज हीच दोन औषधं पाजतंय.

जरा मोजा. १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ निघालं. १९८३ साली सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगार योजना आली, पंचवीस हजारांपर्यंत कर्ज. १९८५ साली अण्णाभाऊ साठे महामंडळ. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना. २००८ साली तीच दुसऱ्या एका योजनेत मिसळून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. २०१५ साली मुद्रा. २०१६ साली स्टँड अप इंडिया. बाप पंचवीस हजाराच्या फॉर्मवर म्हातारा झाला, पोरगा ऑनलाईन फॉर्मवर होतोय. फॉर्म बदलला, झेरॉक्सवाला तोच राहिला. (खरं तर या सगळ्या योजनांतून हमखास उभा राहिलेला एकच धंदा आहे, कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान.)

रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं गणित वरवर गोड आहे. खेड्यात १० लाखांचा प्रकल्प टाकला तर अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख अनुदान. स्वतःचे फक्त ५० हजार. पण हे साडेतीन लाख हातात येत नाहीत. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून पडून राहतात आणि धंदा तीन वर्षं टिकला तर कर्जात वळते होतात. धंदा कशावर टिकतो? गिऱ्हाइकावर. गिऱ्हाईक आलं नाही तर आठव्या-नवव्या महिन्यात हप्ता थकतो, खातं बुडीत निघतं आणि अनुदानाचाही घोळ होतो. मग साहेब पुढच्या पोराला सांगतात, तुमच्या लोकांचे पैसे बुडतात बुवा. असं हे चक्र. जातीमुळे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून जातीला पत नाही.

तारणाची गोष्ट निराळीच. सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच बँकांना बजावलं. तो कागद मुंबईहून निघाला तो सातपुड्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत कुठं विरघळला? आमच्या दोस्ताकडे सातबारा मागितला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

स्टँड अप इंडियाचा हिशेब तर सरकारनं स्वतःच देऊन ठेवलाय. ५ एप्रिल २०१६ ला सुरू झाली तेव्हा वचन होतं, प्रत्येक बँक शाखेनं निदान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि एका बाईला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यायचं. देशात शाखा सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे आपल्या वाट्याची निदान सव्वा लाख खाती. नोव्हेंबर २०२४ पर्यंत अनुसूचित जातींची खाती झाली ४६,२४८ आणि जमातींची १५,२२८. दोन्ही मिळून साडेएकसष्ट हजारांच्या आत. साडेआठ वर्षांत सरासरी दोन शाखांमागे एक माणूस! वर्षाला एक नव्हे, साडेआठ वर्षांत एक. मार्च २०२५ मध्ये योजनेची मुदत संपली. त्याआधीच्या अर्थसंकल्पात नव्या योजनेची घोषणा झाली होती, आता २ कोटींपर्यंत. आकडा वाढवायला काय लागतं? घोषणेला तारण लागत नाही.

आता कोणी म्हणेल, बुलढाणा जिल्हा गरीब, इथं बाजारच कुठाय? खोटं. १८७० साली लॉर्ड मेयो खामगावला आला तो इथला कापसाचा बाजार आणि जलंबहून येणारी रेल्वे सुरू करायला. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्या वऱ्हाडच्या बोंडावर डोळा ठेवून होत्या. खामगावची चांदी आजही लांबलांबचे लोक येऊन घेतात. १९८६ साली बुलढाण्यात निघालेली पतसंस्था केवढी मोठी झाली ते सगळा महाराष्ट्र जाणतो. पैसा आहे, बाजार आहे, व्यापार आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या १८ टक्क्यांच्या आसपास होती. मोंढ्यात, सराफ्यात, एमआयडीसीच्या पाट्यांवर ती किती टक्के दिसते, जाऊन बघा. हमाली करताना दिसते ती धरू नका.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे खेड्याचं झालं. पुण्यात-मुंबईत जात कोण विचारतो? तुम्ही ज्या खोलीत भाड्यानं राहता तिच्या मालकानं आडनाव विचारलं होतं की नाही, तेवढं आठवा. आणि धंद्याच्या पाटीवर काय लिहावं हे ठरवताना तुमची किती रात्र गेली, तेही.

"नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा." हे वाक्य हल्ली आपल्याच व्यासपीठांवरून फार ऐकू येतं. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर स्थापन झालं. त्यात मोठी झालेली माणसं आपलीच आहेत आणि त्यांच्या कष्टाला आमचा जयभीम. धंद्याला आमचा विरोध नाही. गावकीची कामं सोडून जो कोणी स्वतःच्या हिमतीवर काही विकायला बसला तो आमच्या लेखी बंडखोरच. पण हे वाक्य सरकारच्या तोंडी आलं की त्याचा अर्थ पालटतो. मग तो होतो, "नोकऱ्या मागू नका, आम्ही भरती बंद केली आहे." २०२४ साली राज्यानं मुख्यमंत्र्यांच्या नावानं युवा कार्यप्रशिक्षण काढलं. पदवीधराला महिना १० हजार, मुदत सहा महिने, मग ती अकरा महिन्यांपर्यंत नेली. कचेरीतलं काम कायमचं, काम करणारा अकरा महिन्यांचा. मुदत संपली की हातात प्रमाणपत्र आणि कानात तेच वाक्य, उद्योजक व्हा!

आपल्याही घरचं झाकत नाही. मागासवर्गीय सहकारी औद्योगिक संस्थांची योजना आठवा. २००४ साली आली. सभासदांचे ५ टक्के, बाकी भागभांडवल, कर्ज सरकारचं आणि थोडं वित्तसंस्थेचं. कल्पना वाईट नव्हती. पण किती ठिकाणी नुसती शेड उभी राहिली, पत्र्यावर संस्थेचं नाव रंगवलं आणि आत शेळ्या बांधल्या! अध्यक्षाची गाडी मात्र चालू. महामंडळाच्या कागदावरच्या म्हशी कधी व्याल्या नाहीत, त्यांचं दूध मात्र कोणीतरी प्यालं. ते पिणारे सगळे काही सवर्ण नव्हते. साला, दलालाला जात नसते असं म्हणतात. आमच्या वस्तीत त्याला जात असते आणि ती आमचीच असते. अण्णाभाऊंच्या नावाच्या महामंडळात शेकडो कोटींचा घोटाळा झाल्याचा आरोप होऊन २०१५ साली त्याच्या माजी अध्यक्षाला अटक झाली. अण्णाभाऊंच्या नावावर! त्या पैशात मातंगांच्या पोरांच्या किती चक्क्या झाल्या असत्या, किती बँडची दुकानं, किती छापखाने. पण चोर पकडला म्हणून योजना बंद करा, हा न्याय आम्हाला मान्य नाही. मोठ्या उद्योगांची हजारो कोटींची कर्जं निर्लेखित झाली, म्हणून कोणी उद्योगांना कर्ज देणं बंद केलं नाही.

मग मागायचं काय? सरकारनं आमचा सावकार होण्याआधी आमचं गिऱ्हाईक व्हावं.

देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. त्याला आटा लागतो, मिरची लागते, चादरी, बाकडी, विटा, खडू, गणवेश, औषधं, रस्ते लागतात. आणि राज्यघटनेनं एकाच गिऱ्हाइकाला जात बघायची बंदी केली आहे, त्याचंही नाव सरकारच. बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखलं होतं. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयकडे अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं तेव्हा त्यांनी नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी बांधकामाच्या ठेक्यांचाही सवाल मांडला. आपण नोकऱ्यांचं पान वाचलं, ठेक्यांचं पान उलटून टाकलं.

केंद्रानं २०१२ च्या खरेदी धोरणात लिहिलं, खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करायची. चार टक्के फक्त! पुढं कित्येक वर्षं एक टक्कासुद्धा गाठला नाही. कारण विचारा, ठरलेलं उत्तर येतं: योग्य पुरवठादार मिळत नाहीत. टेंडरमध्ये तीन वर्षांचा अनुभव आणि अमुक कोटींची उलाढाल मागायची आणि मग मिळत नाहीत म्हणून गळा काढायचा.

हे जमत नाही असं म्हणू नका. महाराष्ट्रानंच बांधकामाची छोटी कामं ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना वाटायची पद्धत पाडली. तिथं सरकार गिऱ्हाईक झालंच ना? कर्नाटकानं ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींना २४ टक्क्यांहून जास्त वाटा कायद्यानं दिला आणि २०२३ साली ही मर्यादा १ कोटीवर नेली. जळगाव जामोदच्या मागचा सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. तिथं २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यानंतर ३० टक्के सरकारी खरेदीचा निर्णय झाला होता. अमेरिकेनं १९७७ च्या सार्वजनिक कामांच्या कायद्यात १० टक्के पैसा अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी बाजूला काढला. काळ्यांनी तो रस्त्यावर उतरून घेतला होता, फॉर्म भरून नव्हे.

आणि पैसा नाही हे कारण तर कोणी देऊच नये. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडक्या बहिणींच्या योजनेकडे वळवले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर बोंब मारली. बहिणींना पैसे द्या, जरूर द्या. पण दलिताच्या ताटातून काढून का? त्या बहिणींत आमच्या बहिणी नाहीत का? आंध्रनं आणि कर्नाटकानं २०१३ सालीच उपयोजनेचा पैसा राखणारा कायदा केला. फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवणारा महाराष्ट्र अजून कोरडाच.

तर मग कामाला लागू या. आपल्या जिल्ह्यात समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. तिथं जेवणारी पोरं आपली, जेवणाचा ठेका कोणाचा? रमाई घरकुलात राहणार आपण, विटा-दारं-खिडक्या कोणाच्या? खामगावच्या त्या दोस्ताची मिरची त्याच्याच समाजाच्या पोरांच्या भाजीत का पडत नाही? तिथं तर जेवणारा बाटायची भीती नाही ना?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर इथल्या दोस्तांनी जिल्हा परिषदेला, समाजकल्याण कार्यालयाला, नगरपरिषदेला प्रत्येकी एकच प्रश्न टाकायचा: मागल्या पाच वर्षांत एकूण खरेदी आणि ठेके किती रुपयांचे, त्यातले अनुसूचित जातीच्या पुरवठादारांकडून किती? पुण्या-मुंबईच्या दोस्तांनी हाच प्रश्न आपापल्या महापालिकेला. आणि ज्यांची कर्जाची फाईल अडलीय त्यांनी बँकेकडून तोंडी नकार घ्यायचा नाही. अर्जाची पोच मागायची, नकार लेखी मागायचा, तारण मागितलं तर तेही लिहून मागायचं. सगळ्याच्या झेरॉक्स आमच्याकडे पाठवा. उत्तरं आली की याच पानावर छापू. नाही आली तर कोणत्या कचेरीनं दिली नाहीत ते छापू, तारखेसकट.