कंपवात आणि आवाजाचा रियाज

कंपवात म्हटला की डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. खालावत जाणारा आवाज मात्र कोणी आजारात धरीत नाही. सुरतेतील नवागामची मराठी वस्ती घ्या की आपले जुने वाडे, आजोबा पुटपुटू लागले की त्यांचे वाक्य आपणच पुरे करून मोकळे होतो. मला हे फार गैर वाटते.

वास्तविक या रोग्याला स्वतःचा आवाज पुरेसा मोठाच भासतो. बहिरे झाले ते इतर! म्हणून 'मोठ्याने बोला' या तगाद्याने भागत नाही. कान आणि कंठ यांचा मेळ रियाजानेच बसतो. अमेरिकेत 1987 पासून विकसित झालेली ली सिल्व्हरमन पद्धत हेच करते: चार आठवड्यांत तासातासाच्या सोळा बैठका, आ-काराचा लांब स्वर आणि आज्ञा एकच, आवाज मोठा. ब्रिटनमधील 388 रोग्यांच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती तेथील नेहमीच्या स्पीच थेरपीहून सरस ठरली.

जेवताना लागणारा ठसकाही क्षुल्लक नव्हे. घास श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया या रोग्यांचा मोठा वैरी. अडथळ्याविरुद्ध जोराने फुंकण्याच्या व्यायामाने गिळणे अधिक सुरक्षित होते, असे 2010 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले.

पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ अशा कुटुंबांना एकत्र आणते. इकडच्या मराठी मंडळांनी आपला दिवाणखाना आठवड्यातून चार सकाळी द्यावा, स्पीच थेरपिस्ट बोलवावा. आम्ही गानशिक्षक तंबोरा घेऊन येऊ. नुसती भजने म्हणवून मात्र हे काम व्हायचे नाही.