पोलादावरील जांभळी छटा

गंज हा लोखंडाचा वैरी, असें आम्ही वर्गांत मुलांस वर्षानुवर्षें सांगत आलों. तें खरेंच आहे. परंतु त्याच गंजाचा एक सख्खा भाऊ लोखंडाचा रक्षक असतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. जुन्या रायफलींच्या निळसर काळ्या पोलादावर कधीं कधीं पिकल्या जांभळासारखा रंग कां उमटतो, हें समजण्यास ह्या दोघां भावांची ओळख आधीं करून घेतली पाहिजे.

लोखंड व प्राणवायु यांचा संयोग एकाच प्रकारें होत नाहीं. लोखंडाच्या दोन अणूंस प्राणवायूचे तीन मिळाले म्हणजे तांबडा ऑक्साइड होतो. नेहमींचा गंज ह्याच कुळांतला, पाणी धरून राहिलेला. तीन अणूंस चार मिळाले म्हणजे काळा ऑक्साइड होतो. तांबडा भाऊ फुगतो, सुटतो आणि खालचें लोखंड उघडें पाडतो. काळा अंगास चिकटून राहतो व तेल धरून ठेवितो. म्हणून बंदुकीवर तो मुद्दाम चढवितात. त्या क्रियेस ब्लूइंग म्हणतात. जुने कारागीर पोलाद प्रथम गंजूं देत, मग उकळत्या पाण्यांत घालून तांबड्याचा काळा करीत, आणि हीच क्रिया पुनःपुनः करीत. विसाव्या शतकांत कॉस्टिक सोडा व नायट्रेट यांच्या सुमारें १४० अंश सेंटिग्रेडवर उकळणाऱ्या द्रावणांत पोलाद बुडविण्याची जलद रीत कारखान्यांतून रूढ झाली. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, इतका पातळ असतो.

आतां जांभळ्या रंगाकडे वळूं. द्रावण प्रमाणाबाहेर तापलें, तर काळ्याबरोबर तांबूस अंश राहतो, आणि त्या मिश्रणाची झांक डोळ्यांस जांभळट दिसते. दुसरें कारण पोलादाच्या घटनेंत आहे. निकेल, क्रोमियम किंवा सिलिकॉन मिसळलेल्या पोलादास साध्या पोलादाची उष्णता व वेळ मानवत नाहीं. अमेरिकेंतील रुगर कंपनीच्या १९६८ सालीं निघालेल्या मॉडेल ७७ रायफलीचा रिसीव्हर, म्हणजे नळीच्या मागचा मुख्य सांगाडा, ओतीव पोलादाचा असे. ओतकामांत रस नीट वाहावा म्हणून सिलिकॉन उपयोगी पडतें; पण ब्लूइंगास तेंच आड येतें. म्हणून अशा कांहीं रायफलींची नळी काळीभोर तर रिसीव्हर जांभळा दिसतो. विंचेस्टरची १८९४ ची प्रसिद्ध रायफलही अशीच. १९६४ नंतर तिच्या रिसीव्हरचें पोलाद बदललें. त्यावर नेहमींचें ब्लूइंग नीट धरेना, म्हणून कंपनीस निराळी रीत योजावी लागली. तिसरें कारण काळ. काळा ऑक्साइड हवेंतील प्राणवायु अगदीं सावकाश घेतो व तपकिरी रूपाकडे झुकतो. त्यामुळें कारखान्यांतून काळा निघालेला भागही पुढें रंग बदलूं शकतो.

ह्या ज्ञानाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. जांभळी छटा पाहून कित्येक जण दोनपैकीं एक निष्कर्ष काढतात: भाग मागाहून बदललेला आहे, किंवा त्यास गंज चढला आहे. केवळ रंगावरून पहिला निष्कर्ष निघत नाहीं. दुसऱ्याची परीक्षा सोपी आहे. तेल लावलेलें पांढरें फडकें फिरवावें. तांबडी पूड निघाली तर गंज, फडकें स्वच्छ राहिलें तर ती ब्लूइंगाचीच छटा. तिनें पोलादाचें बळ कमी होत नाहीं.

ज्या घरीं वडिलार्जित परवान्याची बंदूक असेल त्यांस आमची एक विनंती आहे. तांब्या-पितळेस चिंच लावतों त्या सवयीनें तिला आंबट पदार्थ, गंज काढण्याचें औषध वा कांचकागद लावूं नये. गंज व ब्लूइंग हे भाऊच असल्यानें आम्ल एकास घालवितें तेव्हां दुसऱ्यासही ठेवीत नाहीं. उजळ पोलाद मग खरोखरच गंजूं लागतें, आणि नवें ब्लूइंग केलें तरी जुन्या वस्तूची मूळ खूण परत येत नाहीं. कोरडी जागा, मऊ फडकें व तेलाचा हलका हात एवढें पुरे. आजोबांच्या हातची वस्तु जांभळी झाली असेल, तर ती जांभळीच नातवाच्या हातीं जावी.