रस्ता बदलण्याचे वय

एस. टी.तून निवृत्त झालेले एक चालक एकदा माझ्यासमोर बसले होते. वय ७४. हातात परिवहन कार्यालयाचा ‘नमुना १-अ’. चाळिशीनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण करताना डॉक्टरने भरून द्यावयाचे हे प्रमाणपत्र होय. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळत असल्याने हा कागद घेऊन येणारी ज्येष्ठ मंडळी माझ्या चांगल्या परिचयाची आहेत. त्यांच्या खुर्चीमागे उभा असलेला मुलगा वडिलांच्या नजरेआडून मान हलवून मला ‘नको’ असे खुणावत होता. आजोबा मात्र निश्चिंत होते. “डॉक्टरसाहेब, तीस वर्षं घाट चढवले-उतरवले. एका सहीला एवढा विचार कसला करताय?”

मोटार शर्यतींचा मला तरुणपणापासून नाद आहे. (आमच्या घरी हा नाद फारसा प्रतिष्ठेचा मानला जात नाही.) त्यामुळेच असेल, पण त्या क्षणी मला मातियास एकस्ट्रॉम या स्वीडिश चालकाची आठवण झाली. वाचकांपैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. परंतु वाढत्या वयात गाडीचे काय करावे, हा प्रश्न ज्या घरात आहे, त्या घराने या माणसाची कारकीर्द जाणून घ्यावी असे मला वाटते.

एकस्ट्रॉमचा जन्म १९७८चा. वडील बेंग्ट हेही रॅलीक्रॉसचे चालक, म्हणजे शर्यत घरातच होती. २००१ साली तो ‘डीटीएम’ या जर्मनीतील टूरिंग कार मालिकेत उतरला. टूरिंग कार म्हणजे बाहेरून आपल्या रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसणारी, आतून मात्र निव्वळ शर्यतीसाठी घडवलेली मोटार. गुळगुळीत डांबरी मार्गावर, सुमारे तासभर, तेच वळण त्याच अचूकतेने पुन्हा पुन्हा घ्यावयाचे, अशी ही शर्यत. २००४ आणि २००७ अशी दोन अजिंक्यपदे त्याने ऑडी गाडीतून मिळवली. २००७च्या डिसेंबरात लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’च्या अंतिम फेरीत त्याने साक्षात मायकेल शूमाकरला हरवले. तेव्हा त्याचे वय होते २९.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही यशस्वी खेळाडूची आहे. माझे कुतूहल पुढच्या भागात आहे.

२०१४ साली, पस्तिशी उलटल्यावर, त्याने रॅलीक्रॉससाठी स्वतःचा संघ उभा केला. १९६७ साली इंग्लंडमधील लिडन हिल येथे दूरचित्रवाणीसाठी म्हणून जन्मलेला हा खेळ टूरिंग कारहून अगदी निराळा. मार्ग अर्धा डांबरी, अर्धा मातीखडीचा. सुमारे ६०० अश्वशक्तीची गाडी दोनेक सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते, आणि चार-सहा फेऱ्यांची शर्यत काही मिनिटांतच संपते. मग पुढच्या फेरीपर्यंत विश्रांती. या खेळात ‘जोकर लॅप’ नावाचा एक मजेदार नियम आहे. प्रत्येक चालकाने शर्यतीत एकदा तरी लांबच्या वाटेने जायलाच हवे. केव्हा जायचे, एवढे मात्र त्याच्या हाती असते.

दोन्ही खेळ त्याने काही वर्षे एकाच वेळी सांभाळले. मग २०१६च्या ऑक्टोबरात दोहोंच्या तारखा एकमेकींवर आल्या. एकीकडे हॉकेनहाइम येथे डीटीएमची अखेरची फेरी, दुसरीकडे एस्टरिंग येथे जागतिक रॅलीक्रॉस मालिकेतील फेरी. पंधरा वर्षे ज्या मैदानावर नाव कमावले ते त्याने त्या आठवड्यापुरते सोडले आणि एस्टरिंगला जाऊन विश्वविजेता झाला. डीटीएममध्ये त्याच्या जागी रेने रास्ट हा चालक बसला. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, याच रास्टने डीटीएमचे अजिंक्यपद जिंकले, आणि दुसऱ्या क्रमांकावर अवघ्या तीन गुणांनी मागे राहिला तो एकस्ट्रॉम. १७९ विरुद्ध १७६.

तीन गुणांनी हुकलेला माणूस सहसा म्हणतो, आणखी एक वर्ष. माझ्या दवाखान्यात मी हे वाक्य शर्यतीशिवायही फार ऐकतो. एकस्ट्रॉमने मात्र २०१८च्या आरंभी डीटीएम सोडल्याचे जाहीर केले. वय ३९. तो घरी बसला नाही. त्याने रस्ता बदलला. पुढे विजेवर चालणाऱ्या टूरिंग कार, तसेच सौदी अरेबियाच्या वाळवंटातील डाकार रॅली. २०२३च्या जानेवारीत, स्वीडनमधील बर्फाच्या मार्गावर, ‘रेस ऑफ चॅम्पियन्स’च्या अंतिम फेरीत त्याच्यासमोर होता मिक शूमाकर, मायकेलचा मुलगा, वय २३. चव्वेचाळीस वर्षांच्या एकस्ट्रॉमने त्यालाही हरवले. २०२५ साली डाकारमध्ये तो तिसरा आला. तेथे शेजारी सहचालक बसतो, मार्ग वाचून सांगतो, आणि त्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नसते.

वैद्यकाच्या दृष्टीने यात चमत्कार नाही. एकच दिवा लागला की एकच बटण दाबणे, ही साधी प्रतिक्रिया वयानुसार हळूहळूच मंदावते. परंतु चार गोष्टींतून एक निवडून कृती करणे, म्हणजे डावीकडून रिक्षा, समोर म्हैस, मागून भोंगा, ही निवडीची प्रतिक्रिया अधिक मंदावते. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर धावते. निर्णयाला अर्धा सेकंद जादा लागला की साडेपाच मीटर गेले. ही उणीव अनुभव काही प्रमाणात भरून काढतो. मुरलेला चालक लांबवर पाहतो, संकट येण्याआधीच वेग कमी करतो. निसरड्या बर्फावर हेच उपयोगी पडत असावे, असा माझा तर्क.

मात्र न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज अनुभवालाही येत नाही. वय वाढते तशी बाहुली लहान होते, भिंग गढूळ होते. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यानंतर नजर सावरायला वेळ लागतो. काचबिंदूत बाजूची दृष्टी इतकी गुपचूप जाते की रुग्णाला पत्ता लागत नाही. मान आखडली असेल तर मागे वळून पाहणे होतच नाही. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात आणि ब्रेकवर किती दाब दिला हे पायाला कळत नाही. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेची गोळी, प्रोस्टेटसाठीची काही औषधे यांनी गुंगी वा भोवळ येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी गाडी चालवू नये, खिशात साखर ठेवावी. शर्यतीच्या चालकालाही परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी चुकत नाही. आपण मात्र तिला अपमान समजतो.

घरच्यांना माझे सांगणे असे की, किल्ल्या लपवू नका. लपवलेल्या किल्ल्या सापडतात, आणि विश्वास मात्र हरवतो. गाडीवर नवे ओरखडे दिसत आहेत का, मागच्या गाड्या वारंवार भोंगे वाजवत आहेत का, हे पाहा आणि आधी तपासणी करवून घ्या. नंतर काय प्रथम सोडायचे ते बसून ठरवा. रात्रीचा प्रवास, पावसातला प्रवास, महामार्ग, नातवाला दुचाकीवर मागे बसवणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट वेगवेगळी सोडता येते. परंतु ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, फिट आली, किंवा क्षणभर शुद्ध हरपली, तर तेथे हप्ते नाहीत. त्या दिवशी गाडी थांबली पाहिजे आणि रुग्णाने डॉक्टरकडे गेले पाहिजे. अशा वेळी मी सही करीत नाही, मग समोर कोणीही असो.

आजोबांच्या कागदावरही मी त्या दिवशी सही केली नाही. नमुन्यात २५ मीटरवरून वाहनाची पाटी वाचता येते का, असा प्रश्न आहे. त्यांना दवाखान्याच्या दारात उभे करून रस्त्यापलीकडच्या मोटारीचा क्रमांक विचारला, तेव्हा त्यांनी फार आत्मविश्वासाने चुकीचा क्रमांक सांगितला. मुलाने मान खाली घातली. मी नेत्रतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने ते पुन्हा आले, या खेपेस पाटी बरोबर वाचली, आणि मी सही केली. सही करण्यापूर्वी अंधार, पाऊस आणि महामार्ग या तीन गोष्टी त्यांनी मुलासमोर स्वतःच्या तोंडाने सोडल्या. तिसरीला त्यांनी बराच वेळ घेतला.

गेल्या आठवड्यात ते दिसले. गावाबाहेर जायचे असले की आता सून गाडी चालवते आणि हे शेजारी बसतात. “कशी चालवते?” मी विचारले.

“चांगली चालवते,” ते म्हणाले, “पण घाटात गिअर उशिरा टाकते. मी सांगतो तिला.”