जुन्या गिटारचा कुबट वास

जुने वाद्य घरात येते ते एकटे येत नाही. ज्या घरात ते इतकी वर्षे राहिले, त्या घरातील धूर, ओल, डांबराच्या गोळ्या, क्वचित उंदरांचा संसार, हे सारे त्याच्या पाठोपाठ येते. कपडा असता तर धुऊन दोरीवर टाकता आला असता. भांडे असते तर चिंच लावून घासता आले असते. गिटारला यातले काहीच चालत नाही. म्हणून बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. कोणी तरी हौसेने तिच्यावर अत्तर शिंपडते, नाही तर ती माळ्यावर जाते. माळ्यावर गेलेले वाद्य सहसा खाली येत नाही, आणि ज्या मुलासाठी ते आणले होते त्याचे शिकणेही तिथेच थांबते.

आपल्या गोमंतकात गिटार हे परके वाद्य राहिलेले नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळत असे आणि तशा परंपरेत वाढलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद गाजवले. दुसरीकडे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर रागसंगीत वाजवले; १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांची गिटार आहे. आज आपल्याकडे बाजाच्या पेटीशेजारी गिटार दिसली तर कोणाला नवल वाटत नाही. परंतु नवी चांगली गिटार घेणे प्रत्येक घराला परवडत नाही. काका, शेजारी, गाव सोडून जाणारे कुटुंब यांच्याकडून ती हातोहात येते, आणि येताना वास घेऊन येते.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या मामाची गिटार मिळाली. मामा परदेशी गेल्यापासून ती अनेक पावसाळे पेटीत बंद होती. मुलाने पेटी उघडली आणि घरात असा दर्प पसरला की त्याच्या आईने ती तत्काळ पडवीत नेऊन ठेवली. धाकट्या मुलीला दम्याचा त्रास होता. मुलगा रुसला, आईला संगीताची आवड नाही, असा त्याने ग्रह करून घेतला. वास्तविक आईचे म्हणणे पूर्णपणे रास्त होते. कुबट वास हा जुनेपणाचा वास नव्हे. तो बुरशीचा वास आहे. बुरशी वाढत असताना जी वायुरूप द्रव्ये सोडते ती आपल्या नाकाला जाणवतात, आणि तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेले तर दम्याच्या रुग्णाला ते निश्चितपणे बाधतात. म्हणून ज्या घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस आहे, तिथे अशी पेटी प्रथम घराबाहेरच उघडावी, आणि साफसफाई करणाऱ्याने नाकातोंडावर मास्क लावावा.

आता उपायांकडे वळू. सर्वांत आधी वास नेमका कुठला, हे ठरवावे. गिटार आणि तिची पेटी यांची फारकत करावी. दोघींना दोन वेगळ्या, हवेशीर जागी दोन दिवस ठेवावे. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेण्यापूर्वी, दोघींचा वास घ्यावा. गिटारचा वास मधल्या गोल भोकाशी नाक नेऊन घ्यावा. बहुतेक वेळा असे आढळते की गिटारचा वास निम्म्याने उतरला आहे आणि पेटीचा मात्र जसाच्या तसा आहे. याचे कारण सरळ आहे. गिटारच्या बाहेरील अंगाला रोगणाचा लेप असतो. त्यात वास सहसा मुरत नाही. फक्त आतील लाकूड कोरे असते. पेटी मात्र प्लायवूड, गोंद, स्पंज आणि मखमली अस्तर यांची बनलेली, आणि वर घट्ट बंद होणारी. ओल धरण्यासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. अशा वेळी पेटी तशीच ठेवून गिटार पुसत बसणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आज पुसलेली गिटार उद्या त्याच पेटीत गेली की परवा तिला तोच वास येतो.

म्हणून आरंभ पेटीपासून करावा. निरभ्र उन्हाचा दिवस पाहून ती अंगणात पूर्ण उघडून ठेवावी. अस्तरावरील धूळ मऊ ब्रशने किंवा धूळ ओढणाऱ्या यंत्राने काढावी. तारा व किरकोळ वस्तू ठेवण्याचा जो लहान कप्पा असतो, त्याचे झाकण उघडण्यास विसरू नये. जुना घामट रुमाल किंवा झुरळांची अंडी बहुधा तिथेच सापडतात. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर हातमोजे घालूनच काम करावे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो, हे पावसाळी प्रदेशातील लोकांना वेगळे सांगावयास नको. असे तीन-चार दिवस पेटीला ऊन द्यावे आणि दव पडण्यापूर्वी ती आत घ्यावी.

एवढ्याने वास गेला नाही, तर पांढरा व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात फडके बुडवावे, घट्ट पिळावे आणि अस्तरावरून हलक्या हाताने फिरवावे. आधी एका कोपऱ्यात रंग जातो की काय, ते पाहून घ्यावे. अस्तर चिंब होता कामा नये. खालचा गोंद सुटला तर अस्तर फुगून येते. पुन्हा कडकडीत ऊन द्यावे. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर निघून जातो. त्यानंतर खाण्याचा सोडा आणि कोळसा यांच्या पातळ फडक्यात बांधलेल्या पुरचुंड्या आत ठेवून पेटी आठवडाभर बंद करावी. सोडा आम्लधर्मी वासांना मारतो. कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत इतर वास अडकून राहतात. लाकडी कोळसा चालेल, परंतु औषधांच्या किंवा मत्स्यटाक्यांच्या दुकानात मिळणारा सक्रिय कोळसा अधिक गुणकारी असतो. सोडा अस्तरावर मोकळा पसरू नये. मखमलीच्या लवेतून तो पूर्णपणे निघत नाही आणि पुढे गिटारला लागतो.

दोन-तीन आठवडे हा क्रम चालवूनही वास राहिला, आतला स्पंज हाताला चिकट लागला किंवा त्याचा भुगा होऊ लागला, प्लायवूडचे पापुद्रे फुगले, तर त्या पेटीची माया सोडावी. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले. पेटी टाकून द्यावी लागली आणि गिटार वाचली. आईने जुन्या सुती चादरीचा गवसणीसारखा अभ्रा शिवून दिला. तो दर पंधरा दिवसांनी धुता येतो. पुढे यथावकाश नवी पिशवी घेतली गेली. पेटी बदलता येते. चांगले पिकलेले, वर्षानुवर्षे वाजून मोकळे झालेले लाकूड बदलून मिळत नाही.

आता गिटारविषयी. जुन्या गंजक्या तारा काढून टाकाव्यात. मग मूठभर कोरडे, न शिजवलेले तांदूळ मधल्या भोकातून आत टाकावेत, गिटार सावकाश हलवावी आणि तांदूळ पुन्हा ओतून काढावेत. आतील धूळ, जाळी व भुसा तांदळाबरोबर बाहेर येतो. वाद्य दुरुस्त करणारे कारागीर ही युक्ती पूर्वीपासून करीत आले आहेत. मात्र एकही दाणा आत राहू देऊ नये, अन्यथा मुंग्या आणि पोरकिडे यांना आमंत्रण मिळेल. आणि ज्या गिटारच्या पोटात विजेच्या तारा आहेत तिच्यावर हा प्रयोग करू नये. बाहेरील अंग किंचित ओलसर, पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. बोटे फिरतात त्या पट्टीवर घाम आणि मळ यांचा थर साचतो व त्यालाही वास येतो. तो मऊ, कोरड्या दात घासण्याच्या ब्रशने काढावा. त्यावर गोडे तेल चोळण्याची पद्धत चुकीची आहे. खाद्यतेल काही महिन्यांत खवट होते आणि एका वासाच्या जागी दुसरा येतो.

पोटातील वासासाठी सोड्याची एक आणि कोळशाची एक अशा दोन लहान पुरचुंड्या कराव्यात. प्रत्येकीला लांब दोरा बांधून त्या भोकातून आत सोडाव्यात; दोऱ्याचे टोक बाहेर ठेवावे म्हणजे ओढून काढता येतात. गिटार सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावी आणि आठवड्याने पुरचुंड्या बदलाव्यात. बुरशीचा वास अशा रीतीने काही आठवड्यांत उतरतो. सिगारेटच्या धुराचा वास अधिक चिवट असतो, कारण धुरातील चिकट अंश कोऱ्या लाकडात बसलेला असतो. तिथे दोन-तीन महिन्यांचा धीर धरावा. डांबरगोळ्यांच्या वासाला मोकळी हवा हाच उपाय. पुन्हा त्या गोळ्या मात्र ठेवू नयेत. त्यांची वाफ काही तान्ह्या बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक ठरते.

काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचे आहे. पेटीला ऊन हितकारक. गिटारला तेच मारक. अनेक वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात. उष्णतेने सरस मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने घोडी उचलली जाते. म्हणून गिटार उन्हात, बंद मोटारीत किंवा केस वाळवण्याच्या यंत्रासमोर कदापि धरू नये. स्पिरिटही लावू नये. काही गिटारांना लाखेचे पॉलिश असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फिनेल, अत्तर, उदबत्तीचा धूर यांनी वास जात नाही. त्यावर आणखी एक वास बसतो, आणि दोघे मिळून पहिल्याहून असह्य होतात.

घरात इतर वाद्ये असतील तर थोडी सावधगिरी हवी. व्हायोलिनच्या सर्व तारा एकदम काढू नयेत. तिच्या पोटात एक लहान लाकडी दांडी नुसत्या दाबाने उभी असते. ताण गेला की ती पडते. बाजाच्या पेटीत पितळी सूर आणि भात्याचे चामडे असते. तिला पाणी वा व्हिनेगर लावू नये, कोरडा ब्रश आणि कोळशाची पुरचुंडी एवढेच पुरे. तंबोऱ्याच्या भोपळ्यातून पिठासारखा भुसा गळत असेल, तर तो किडीचा उपद्रव समजून कारागिराकडेच न्यावा. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी आजही काम करीत आहेत; त्यांच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

एकदा वास गेला की तो पुन्हा येऊ न देणे आपल्याच हाती आहे. गिटारला सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पणजीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, आणि जुलै महिन्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत पेटी बंद करून कोपऱ्यात ठेवली की बुरशीची सोय झालीच. ती बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नये, जमिनीवर ठेवू नये. वाजवून झाल्यावर घाम पुसल्याखेरीज गिटार आत ठेवू नये. सिलिका जेलच्या दोन पुड्या पेटीत असाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन तृप्त झाले असे समजावे. मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, अन्न शिजवण्याच्या भांड्यांपासून वेगळ्या भांड्यात ते तापवले की पुन्हा निळे होतात. आणि सर्वांत स्वस्त उपाय असा की गिटार रोज वाजवावी. रोज उघडणाऱ्या पेटीत रोज नवी हवा जाते.

कोणी विचारील की इतके करून गिटारला काहीच वास उरू नये काय? तसे नाही. कोऱ्या लाकडाला, जुन्या रोगणाला स्वतःचा एक मंद गंध असतो. कुबटपणा निघून गेला की तो हळूहळू जाणवू लागतो. तो घालवण्याच्या मागे लागू नये. तो जाणवला की काम झाले असे समजावे.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी उन्हाचे चार दिवस हाताशी असतात. पापड-कुरडया वाळत घालताना अंगणाचा एक कोपरा माळ्यावरच्या त्या पेटीसाठी राखून ठेवावा.