उठायचे कधी?

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या दिवशी साक्षात शंकर-पार्वती द्यूत खेळले, अशी कथा सांगतात. या कथेचा आधार घेऊन गेल्या दिवाळीत आम्ही चार स्नेही आमच्या बाहेरच्या खोलीत तीन पत्ती खेळायला बसलो. त्या डावात शंकर हरले होते, हे मात्र कुणालाच आठवले नाही.

रात्री दहाला मी ८०० रुपयांनी वर होतो. दीड वाजता, बहिणीच्या ओवाळणीसाठी पाकिटात घालून ठेवलेले १,२०० रुपयेही गेले होते. मंडळी गेल्यावर कपबश्या उचलता उचलता सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "अहो, बसायचं कधी ते तुम्ही आठ दिवस आधीच ठरवलं होतं. उठायचं कधी, ते ठरवलं होतं का?"

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तितका घरगुती नाही. पोकर खेळून पोट भरणारी माणसे जन्मभर याच प्रश्नाशी झुंजत असतात. त्यांच्यातला शहाणा माणूस खेळासाठी एक वेगळी गंगाजळी ठेवतो. तिच्यात घरभाडे नसते, मुलांची फी नसते, बहिणीची ओवाळणी तर नसतेच नसते.

हे न पाळणाऱ्याचे काय होते, ते स्टू उंगर या अमेरिकन खेळाडूने दाखवून दिले. लास व्हेगासची पोकरची जागतिक स्पर्धा त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. त्याच्याइतका तल्लख खेळाडू झाला नाही, असे जाणकार म्हणतात. पण १९९७ साली प्रवेशाचे १०,००० डॉलर भरायलाही त्याच्याजवळ पैसे नव्हते. ते एका मित्राने भरले आणि १० लाखांच्या बक्षिसातला निम्मा वाटा घेतला. उरलेला निम्मा सट्ट्यात आणि अमली पदार्थांत पाहता पाहता उडाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लास व्हेगासच्या एका स्वस्त लॉजमध्ये तो मृतावस्थेत सापडला. अंत्यविधीसाठी स्नेह्यांना वर्गणी काढावी लागली. पत्ते त्याला कळत होते. उठणे कळत नव्हते.

आता दुसरा नमुना पाहा. २००० सालचा विजेता क्रिस फर्ग्युसन याने २००६ मध्ये एक प्रयोग केला. खिशातली दमडीही न घालता, फुकट प्रवेशाच्या ऑनलाइन स्पर्धांतून मिळालेल्या चिल्लर बक्षिसांवर १०,००० डॉलर जमवायचे. दीडेक वर्षात त्याने ते जमवले. अगदी सुरुवातीच्या चिल्लर डावांची सवलत सोडली, तर त्याचे दोन नियम असे होते. कोणत्याही डावात गंगाजळीच्या शेकडा ५ पेक्षा जास्त रक्कम घेऊन बसायचे नाही. आणि टेबलावरची आपली रक्कम गंगाजळीच्या शेकडा १० पेक्षा वर गेली की उठायचे.

पहिला नियम समजायला सोपा आहे. गंगाजळी २,००० रुपयांची असेल, तर १०० घेऊन बसावे. ३०० हरलात, तर पुढच्या वेळी ८५ च. हरणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. आपण नेमके उलटे करतो, गेलेले परत आणायला दुप्पट लावतो. अर्धे पैसे गेले, तर पुन्हा मूळ जागी यायला उरलेल्यांचे दुप्पट करावे लागतात, हे रात्री दीड वाजता कुणाच्या ध्यानात राहते?

दुसरा नियम मात्र चमत्कारिक वाटेल. जिंकत असताना का उठायचे? कारण पोकरच्या टेबलावर जिंकलेल्यातले थोडे उचलून खिशात टाकण्याची मुभा नसते. जोवर बसलात, तोवर पुढ्यातली सारी रास पणाला लागू शकते आणि एका डावात जाऊ शकते. ती वाचवायचा मार्ग एकच, उठून चकत्या वटवून घेणे.

आणि वटवलेल्या पैशांचेही खरे नसते, ते हातात पडेपर्यंत. फर्ग्युसन ज्या संकेतस्थळावर खेळला, तिच्या चालकांत तो स्वतःही होता. २०११ साली अमेरिकन सरकारने तिच्यावर कारवाई केली, तेव्हा खेळाडूंचे जमा पैसे परत करण्याइतकी रोकड तिच्याजवळ निघाली नाही. अमेरिकन खेळाडूंच्या हाती पहिले पैसे पडायला २०१४ उजाडले. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण घरातल्या सतरंजीवर बसणाऱ्याला सांभाळणार कोण?

त्याचे त्यानेच, आणि तेही बसण्याआधी. आठशे रुपये जिंकलेला माणूस आणि हजार हरलेला माणूस, दोघेही तेवढ्यापुरते शुद्धीवर नसतात. 'आणखी एकच डाव' हे दोघांचेही शब्द सारखेच. त्यांच्या वतीने निर्णय घ्यायचा तो संध्याकाळच्या चहाला, डोके ठिकाणावर असताना.

यंदाही आम्ही बसणार आहोत. पुढ्यात १०० रुपये, ते संपले की प्रेक्षक. २०० झाले की उठणे. आणि काहीही असो, अकराला डाव बंद. गेल्या वर्षीची ओवाळणी सौभाग्यवतींनी डाळीच्या डब्यातून काढून दिली होती आणि बहिणीला आजवर त्यातले काही कळलेले नाही. यंदाचे पाकीट त्यांनी आधीच आपल्या कपाटात ठेवले आहे. किल्ली कुठे आहे, हे मी विचारलेले नाही. अकराला जो कुणी उठेल, त्यालाही ते ठाऊक नसलेले बरे.